देवळालीचा ताप

इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यात कुणी आजोबा पायजम्यावरच दूध आणायला दुकानात निघाले, की शेजारी म्हणतात, म्हातारा ‘डूलॅली’ झाला. पोरांनी दिवसभर घर डोक्यावर घेतलं की आई वैतागून म्हणते, तुम्ही मला डूलॅली करणार. शब्दात राग नाही, कीव नाही आणि शिवी तर नाहीच. आपण एखाद्याला ‘सटकलंय जरा’ म्हणतो तेव्हा जो सूर असतो, तोच इथे. उच्चारताना मधल्या अक्षरावर जोर द्यायचा आणि शेवटचं सोडून द्यायचं. ब्रिटनमध्ये हा शब्द लहानथोर सगळ्यांना कळतो, अमेरिकेत फारसा कुणाला माहीत नसतो, आणि आपल्याकडे इंग्रजीचे पदवीधरसुद्धा तो ऐकून कोऱ्या चेहऱ्याने बघतात. मी नोकरीभर नाशकात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे हे कोरे चेहरे माझ्या चांगले ओळखीचे आहेत.

त्या चेहऱ्यांची गंमत वाटायची, कारण हा शब्द म्हणजे आमचं गाव. मुंबईहून गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला दम खाते, मग घोटी, पाडळी, अस्वली, लहवीत, आणि मग देवळाली. पुढचं स्टेशन नाशिकरोड. आमच्याकडे देवळाली दोन आहेत: नाशिकरोडला खेटलेलं देवळाली गाव आणि लष्कराचा देवळाली कॅम्प. तिसरी राहुरीजवळची देवळाली प्रवरा. तिचा या भानगडीशी काही संबंध नाही. कॅम्पात राहणारी माणसं नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. माझा जन्म कॅम्पातला. आजोबांचं तिथल्या बाजारात शिंप्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक बहुतेक गोऱ्या शिपायांचं. त्या शिपायांनीच आमच्या गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात नेऊन बसवलं, आणि तेही वेडेपणाच्या खात्यात.

मूळ शब्दप्रयोग दोन शब्दांचा होता, ‘डूलॅली टॅप’. यातला टॅप म्हणजे आपला ताप. हिंदुस्थानीत ‘तप’ म्हणतात. शिपायांच्या कानावर पडला तो तोच असणार. देवळालीचा ताप चढला म्हणजे माणूस डोक्याने गेला. पुढे इंग्लंडातल्या लोकांना या टॅपचा अर्थ लागेना. त्यांच्या भाषेत टॅप म्हणजे टकटक, नाहीतर पाण्याचा नळ. तेव्हा तो गळून पडला आणि डूलॅली एकटा उरला. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी सैनिकांच्या बोलीचा कोश छापला, त्यात हा प्रयोग आहे, आणि जुन्या पलटणींतला शब्द म्हणून आहे. म्हणजे छापखान्यात पोचायच्या कितीतरी आधीपासून तो बराकींत चालत होता.

शब्दाचं कूळ इथवर सरळ आहे. घोळ पुढे होतो. देवळालीचंच नाव का? कल्याणचं का नाही, पुण्याचं का नाही, रावळपिंडीचं का नाही? छावण्या तर देशभर पसरल्या होत्या आणि ऊन देवळालीपेक्षा मुलतानला कितीतरी कडक. इंग्रजी लेखांत याचं एक तयार उत्तर मिळतं: देवळालीला म्हणे वेड्यांचं इस्पितळ होतं. मला हे उत्तर पटत नाही. इस्पितळ होतं यात नवल नाही. हजारो शिपायांचा तळ म्हटला की इस्पितळ आलंच. पण वेडा ठरलेल्या गोऱ्याला हिंदुस्थानात फार काळ ठेवायचा रिवाज नव्हता. मुंबईत कुलाब्याला वेड्यांचं इस्पितळ होतं, आणि तिकडे साउथहॅम्प्टनजवळ नेटली इथल्या प्रचंड लष्करी रुग्णालयात १८७० पासून ‘डी ब्लॉक’ नावाची इमारत खास अशा शिपायांसाठीच होती. एतद्देशीय लोकांसमोर गोरा माणूस भ्रमिष्ट अवस्थेत दिसू नये, हाही त्यामागचा एक हिशेब. तेव्हा वेडे देवळालीला नेऊन ठेवत, म्हणून देवळाली वेड्यांची, हे खरं नव्हे. देवळालीला येत ते धडधाकट शिपाई. इथे येऊन त्यांचं बिनसायचं, आणि कशामुळे बिनसायचं ते कळायला बोटींचं वेळापत्रक बघावं लागतं.

१८५७ नंतर इंग्रजांनी एक धडा घेतला: हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांची संख्या कमी पडू द्यायची नाही. तिथून पुढे साठ-सत्तर हजार ब्रिटिश शिपाई कायम या देशात असत. पूर्वी शिपाई भरती झाला की जवळजवळ जन्माचा लष्कराचा होई. १८७० च्या कायद्याने ते बदललं. नोकरी एकूण १२ वर्षांची, त्यातली पहिली ६ पलटणीत आणि उरलेली घरी बसून राखीव दलात. पुढे पलटणीतली ७ झाली, आणि माणूस समुद्रापार असेल तर वर आणखी एक. याचा व्यवहारातला अर्थ असा की दरवर्षी हजारो माणसांची मुदत भरणार आणि हजारो नवी पोरं त्यांच्या जागी येणार. मुदत भरलेल्याला ‘टाइम एक्स्पायर्ड’ म्हणत. आज आपण औषधाच्या बाटलीवरची तारीख बघून जो शब्द वापरतो, तो तेव्हा जित्याजागत्या माणसाला लावत.

ही ने-आण करायला सरकारने १८६६-६७ च्या सुमारास पाच बोटी मुद्दाम बांधून घेतल्या: क्रॉकडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. पांढऱ्याशुभ्र बोटी, आणि ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या रंगाचा पट्टा: युफ्रेटिसचा निळा, जमनाचा लाल, मलबारचा काळा, सेरापिसचा हिरवा, क्रॉकडाइलचा पिवळा. एका बोटीत हजार-बाराशे माणसं कोंबून बसत. सुरुवातीला सुएझचा कालवा व्हायचा होता, म्हणून बोट अलेक्झांड्रियाला रिकामी करायची, शिपायांना रेल्वेने सुएझला आणायचं आणि तिथे दुसऱ्या बोटीत चढवायचं. नोव्हेंबर १८६९ मध्ये कालवा खुला झाला आणि हा उपद्व्याप संपला. यातल्याच सेरापिसवरून १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थान बघायला आला. किपलिंगने मुदत संपलेल्या शिपायांवर ‘ट्रूपिन्’ नावाची कविता लिहिली आहे, तिच्यात मलबार आणि जमना या दोन्ही बोटी नावानिशी येतात. मुंबईत जन्मलेल्या माणसाला बंदरातल्या बोटींची नावं कुणी सांगावी लागत नाहीत.

या बोटी बारा महिने येत नसत, आणि सगळी मेख त्यात आहे. उन्हाळ्यात तांबडा समुद्र म्हणजे तापलेला तवा, आणि जूनपासून अरबी समुद्र खवळलेला. लोखंडी बोटीच्या पोटात हजार माणसं घालून तिथून जायचं तर वाटेत कितीकांना समुद्रात सोडावं लागेल याचा नेम नाही. म्हणून सैन्य हलवायचा हंगाम ठरलेला होता, साधारण पावसाळा सरल्यापासून मार्चपर्यंत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ सोडून कोळी होड्या काढतात, सरकारी बोटी त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी निघत. हंगाम संपला की पुढची बोट थेट पुढच्या हिवाळ्यात.

आता पेशावरच्या, मेरठच्या किंवा महूच्या पलटणीतल्या एका शिपायाचा विचार करा. त्याची मुदत भरली, कागद झाले, सोबत्यांनी निरोप दिला. पलटणीला आता तो जड. त्याला गाडीत बसवून बंदराकडे धाडून दिला. पण बंदरात बोट नाही. मुंबईत हजारो माणसं ठेवायची तर जागा नाही, हवा दमट आणि पटकीची धास्ती. म्हणून घाटावर, रेल्वेच्या कडेला, दारणेच्या पाण्याच्या जवळ, सपाट माळावर १८६० च्या दशकात उभारलेला हा तळ. कसारा घाटाची, म्हणजे थळ घाटाची, रेल्वे १ जानेवारी १८६५ ला सुरू झाली होती. ३७ फुटांना एक फूट अशी चढण, मध्ये गाडी उलटी फिरवायचं स्थानक, पण एकदा इगतपुरी गाठली की पुढे सरळ पठार. विलायतेहून आलेली नवी पलटण बोटीतून उतरली की घाट चढून देवळालीला यायची, दोन दिवस अंग सैल करायची आणि आपापल्या छावणीकडे जायची. परतीच्या माणसांचा प्रवाह याच तळातून उलटा वाहायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला बोट आणि गाडी यांची सांधेजोड मिळाली तर मुक्काम चार दिवसांचा. नाही मिळाली तर महिनोन्महिने.

ते महिने कसे जायचे हे ज्याने लिहून ठेवलं, तो साहेब नव्हता, साधा शिपाई होता. फ्रँक रिचर्ड्स. वेल्समधला खाणकामगार, १९०१ साली रॉयल वेल्श फ्युसिलिअर्समध्ये भरती झाला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात आला. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश मिळून सात-एक वर्षं त्याने काढली. पहिल्या महायुद्धावरच्या त्याच्या पुस्तकाने नाव झालं, त्याला हात लावून दिला होता रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीने. मग १९३६ मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या दिवसांवर ‘ओल्ड सोल्जर साहिब’ लिहिलं. त्यात देवळालीची हकीकत आहे. तो सांगतो ते असं: मुदत संपलेले शिपाई इथे येऊन बोटीची वाट बघत पडून राहत, करायला काम काही नसे. ज्यांच्या नावावर सगळ्या नोकरीत एक ठपका नाही, अशी माणसं इथे विचित्र वागायला लागत. कुणी गुन्हा करून तुरुंगात जाई, कुणाला गुप्तरोग गाठी. आणि मग पलटणींत म्हणायची पद्धतच पडली, की डोकं बिघडलेला कुणी दिसला की याला देवळालीचा ताप चढला.

रिचर्ड्सचा हा खुलासा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, कारण तो शब्द वापरणाऱ्यांच्या घोळक्यातून आलेला आहे.

एक दिवस जवळून बघायचा तर असा. बराक दगडी, उंच, वर कौलं, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. आत दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या रांगा, आणि छताला टांगलेले लांब कापडी पंखे. बाहेर बसून दोरी ओढायला गावातला माणूस. पहाटे न्हावी यायचा आणि झोपेतच शिपायांची दाढी करून जायचा. पाती इतकी हलकी की टॉमीला, म्हणजे साध्या गोऱ्या शिपायाला, जाग यायची नाही. गोऱ्या शिपायांच्या आठवणींत हा न्हावी पुन्हापुन्हा भेटतो. मग चहावाला, ज्याला ते ‘चारवाला’ म्हणत. सकाळी गार असेतो थोडी कवायत. ऊन चढलं की गोऱ्या शिपायाला बराकीबाहेर फिरायची मनाई, उष्माघाताच्या भीतीने. म्हणजे सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत तीस-चाळीस दांडगे जवान एका दालनात, खाटेवर. पलटणीत असताना निदान दुसऱ्या दिवशीची कामं असत, हॉकीचे सामने असत, हवालदाराच्या शिव्या असत. इथे कशातच जीव नाही. शिपाई आता कुणाच्या पलटणीचा नाही, त्याच्या बढतीशी कुणाला देणंघेणं नाही, बोट कधी लागणार ते अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. इथे न्हाव्याला तरी काम होतं, रिकामा होता तो टॉमी.

मग संध्याकाळी कॅन्टीनची बिअर, आणि बाजारात देशी दारू. पत्ते. आणि ‘हाउसी-हाउसी’. लष्करात अधिकृतपणे खेळू द्यायचे तो हाच काय तो पैशाचा खेळ. आकडे पुकारायचे, कागदावर खोडायचे. आज कोजागरीला आणि हळदीकुंकवाला आपल्या सोसायट्यांत जो ‘हाऊजी’ रंगतो, तो इंग्रजांच्या बराकीतून आलेला आहे, हे सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायकांना खरं वाटत नाही. आकड्यांना ठेवलेली ती चावट टोपणनावंही तिकडचीच.

किपलिंगची एक गोष्ट आहे, ‘इन द मॅटर ऑफ अ प्रायव्हेट’ नावाची. तिच्यात बराकीतल्या उन्हाळ्यात एक शिपाई दुसऱ्याच्या टोचण्यांनी पिसाळतो आणि त्याला गोळी घालतो. ती देवळालीची नाही, पण काय होत असे ते तिच्यात दिसतं: ऊन, गर्दी, रिकामपण आणि तोच तो चेहरा रोज समोर. आजच्या डॉक्टरांनी त्याला चिंता, नैराश्य, काय काय नावं दिली असती. त्यात खराखुरा तापही मिसळलेला असणारच. मलेरिया डासाने होतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ साली दाखवलं; तोवर सगळे हवेला दोष देत बसले होते. वर्षानुवर्षं हिवतापाने पोखरलेला, दारूने सुकलेला, गरमीवर पारा घेतलेला माणूस देवळालीला पोचायचा, तो आधीच निम्मा खचलेला. शेवटचा धक्का वाट बघण्याचा.

आणि इथे मला आमच्या गावाची बाजू मांडायची आहे. देवळालीची हवा माणसाला वेड लावणारी नाहीच. उलट ती इतकी कोरडी आणि हलकी, की मुंबईच्या पारशी आणि गुजराती मंडळींनी इथे हवापालटासाठी बंगले आणि आरोग्यभुवनं बांधली. लॅम रोडने चक्कर मारली तर त्यातली काही अजून दिसतात, पुढे व्हरांडा, आवारात आंबा-चिंच, फाटकावर पुसट पाटी. पाऊसही बेताचा, घाटमाथ्यावर इगतपुरीला कोसळतो तेव्हा इथे छत्री घ्यावी की नाही याचा विचार करता येतो. दुखणाईत माणसं बरी व्हायला ज्या गावी येत, त्या गावाचं नाव इंग्रजांनी वेडाला दिलं. चूक बोटींच्या हंगामाची आणि लष्कराच्या कारकुनीची. माणसाची मुदत एप्रिलात संपते आणि बोट ऑक्टोबरात, हे ज्यांना माहीत होतं त्यांनीच त्याला गाडीत बसवून दिलं. करून गेले गाव आणि कांदळकराचे नाव, तसली गत.

साहेबांना मात्र देवळालीचा ताप चढला नाही. रजेवर निघालेला अधिकारी पी. अँड ओ. कंपनीच्या टपालबोटीचं तिकीट काढून, मुंबईत हॉटेलात राहून, ठरल्या वारी निघत असे. म्हणून हा शब्द खाणावळीच्या बाकांवरचा. मेसच्या टेबलावरचा नव्हे. यूल आणि बर्नेल या विद्वानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश १८८६ मध्ये काढला, तो मुख्यतः साहेबांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि जुन्या प्रवासवर्णनांच्या इंग्रजीचा. टॉमीची बोली वेगळी होती, ती कागदावर उशिरा आली.

त्या बोलीत आपल्या बाजारातले किती शब्द होते ते बघून आजही हसू येतं. ‘डेक्को’ म्हणजे देखो. ‘बक्शी’ म्हणजे फुकट मिळालेलं, बक्षीस. ‘चोकी’ म्हणजे तुरुंग, आपली चौकी. ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी. ‘रूटी’ म्हणजे रोटी, आणि फार वर्षं नोकरी केल्याबद्दल मिळणाऱ्या पदकाला ते ‘रूटी गाँग’ म्हणत: इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली म्हणून. ‘पगल्ड’ म्हणजे पागल. म्हणजे वेडासाठी त्यांच्याकडे दुसराही हिंदुस्थानी शब्द तयार होता. ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी, त्याचं नातं खुशीशी लावतात. आणि सगळ्यांत लाडका ‘ब्लायटी’, म्हणजे इंग्लंड, घर; मूळ विलायती. ज्या मायदेशाची आठवण काढून रडायचं, त्याचं नाव सुद्धा आमच्याकडून उसनं. आजोबा याच भाषेत गिऱ्हाइकाशी बोलत. शाळेत इंग्रजी न शिकलेला माणूस, पण टॉमीशी भाव करताना कुठे अडत नसे. मला पुढे विद्यापीठात जे इंग्रजी शिकवलं, त्यापेक्षा ते निराळंच होतं.

महाराष्ट्राने इंग्रजीला याआधीही शब्द दिले होते. ‘डंगरी’ हे जाडंभरडं कापड मुंबईच्या डोंगरीवरून, ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून. पण तो माल आणि प्राणी झाला. माणसाच्या मनाच्या अवस्थेला मराठी गावाचं नाव मिळालं ते हे एकच मला माहीत आहे.

हा शब्द छावणीच्या कुंपणाबाहेर कसा पडला? १९१४ पर्यंत तो पेशेवर शिपायांचा होता, आणि पेशेवर शिपायाला इंग्लंडात कुणी दारात उभं करत नसे. महायुद्ध पेटल्यावर हिंदुस्थानातल्या बहुतेक जुन्या गोऱ्या पलटणी फ्रान्सकडे हलवल्या गेल्या आणि त्यांच्या जागी टेरिटोरिअल, म्हणजे एरवी आपापला धंदा सांभाळून कवायत करणाऱ्या लोकांच्या पलटणी आल्या: सॉमरसेट, डेव्हन, केंट अशा भागांतले कारकून, शेतकरी, दुकानदार. त्यांनी इथे वर्षं काढली आणि शब्द शिकून घेतले. दुसरीकडे फ्रान्सच्या खंदकांत जुन्या हिंदुस्थानी खोडांच्या शेजारी कालपरवा भरती झालेली पोरं बसली आणि तीही तसंच बोलायला लागली. युद्ध संपलं, सगळे घरी गेले, आणि ब्लायटी, कुशी, डूलॅली हे शब्द स्वयंपाकघरांत शिरले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत तर देवळालीचा राबता आणखी वाढला होता. खंदकातून परतलेल्या, तोफांच्या आवाजाने दचकणाऱ्या माणसांविषयी बोलायला घरच्यांना एक मऊ शब्द हवाच होता.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १९४१ साली तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीला आली आणि तेव्हापासून बहुल्याच्या माळावर तोफा वाजतात. पाहुण्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, आम्ही गप्पा चालू ठेवतो. त्याच कॅम्पात ‘होमवर्ड बाउंड ट्रूपिंग डेपो’ होता, घरी जाणाऱ्यांचा तळ. १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि लाखो गोऱ्यांना एकदमच घरी जायचं होतं. बोटी पुऱ्या पडेनात. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिघ रोड तळावर गोऱ्या वैमानिक दलाच्या लोकांनी कामावर जायलाच नकार दिला, आणि ते लोण दुसऱ्या तळांवर पसरलं. मागणी एकच, आम्हाला घरी कधी सोडणार. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौदलातले आपले खलाशी उठले. तो इतिहास आपल्याला पाठ आहे, हा सहसा कुणी सांगत नाही. साठ वर्षांपूर्वी ज्यांना देवळालीचा ताप चढायचा, त्यांच्या नातवांनी संप केला. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

त्या सुमारास जिमी पेरी नावाचा एक तरुण रॉयल आर्टिलरीच्या नाटक-गाण्यांच्या मंडळीत देवळालीला होता. पुढे त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका लिहिली. ती १९७४ ते १९८१ चालली, आणि सुरुवातीचे भाग घडतात ते चक्क देवळालीच्या तोफखाना डेपोत. रंगीराम या हिंदुस्थानी नोकराची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. बेट्स जन्माने झाशीचा, हिंदुस्थानी उत्तम बोलणारा, पण त्या रंगवलेल्या चेहऱ्यामुळे आता बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवत नाही. मी तिचे काही भाग पाहिलेत. विनोद बरा, चित्रीकरण इंग्लंडातलं आणि त्यातली देवळाली ओळखीची अजिबात वाटत नाही.

२८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पलटण गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून बोटीवर चढली आणि या देशातलं शेवटचं गोरं सैन्य निघून गेलं. देवळालीच्या बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं इथे उतरवली गेली, जशी ती कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि पुढे त्या छावणीचं उल्हासनगर झालं. घरी जायची बोट येणार म्हणून वाट बघणाऱ्यांच्या जागी, घर कायमचं सुटलेली माणसं आली. त्यांना खरं तर वेड लागायला हवं होतं. त्यांनी दुकानं टाकली. आज कॅम्पातल्या बाजारात कापड घ्यायला जा, मिठाई घ्यायला जा, गल्ल्यावर बहुधा त्यांचीच तिसरी पिढी भेटते.

शब्दाचंही बरं चाललं आहे. २००९ मध्ये पुण्यात याच नावाने ताज्या बिअरचं दुकान निघालं, मग मुंबईत त्याच्या शाखा झाल्या. तिथे बसणाऱ्या तरुण मंडळींतल्या कितीजणांना आपण नाशिकजवळच्या एका स्टेशनाच्या नावाने ग्लास उचलतोय हे ठाऊक असतं, देव जाणे. बिअर पिऊन पोरांनी गोंधळ घातला तर जुन्या अर्थालाही धरून होईल.

फक्त एक तक्रार उरते. ऑक्सफर्डच्या कोशात आजही देवळालीची ओळख ‘मुंबईजवळचं एक गाव’ अशी दिलेली आहे. मुंबईपासून देवळाली सुमारे १८० किलोमीटर आहे आणि मध्ये आख्खा कसारा घाट आहे. लंडनच्या टेबलावरून ते जवळ दिसत असेल. आपल्याकडे कुणी हा शब्द लिहिला, शिकवला, किंवा मराठी कोशात घेतला, तर त्याने ‘नाशिकजवळ’ असं लिहावं. आणि शक्य झालं तर वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट वगळून बोटींच्या हंगामाची सांगावी.